दिवाळीपर्यंत ‘मले’

तायडे मॅडम पहिलीच्या पालकांना वर्षाच्या सुरुवातीला तीन गोष्टींची हमी देत. वर्षभरात तुमच्या लेकराचे दोन दात पडतील. एक चप्पल हरवेल. जोड नाही, एकच. आणि एक दिवस लेकरू तुमची चूक काढेल. पहिल्या दोन गोष्टींवर पालक हसत. तिसरीवर कोणी हसत नसे, म्हणून मॅडम तिला एक सूचना जोडत: “त्या दिवशी मारू नका. तारीख लिहून ठेवा.”

याखेरीज त्या कशाचीही हमी देत नसत. इंग्रजी, स्कॉलरशिप, अक्षर, शिस्त, यातलं काहीही विचारलं की त्या “पाहू” म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा अंदाज दातांच्या बाबतीत चुकल्याचं कोणी सांगत नाही.

नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना पूर्णेच्या अलीकडे रस्त्याला लागून ती शाळा आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. मी सांगतो त्या वर्षी सगळे वर्ग मिळून पट होता वीस. पट वीसच्या खाली गेला की दुसरं पद जातं, असं तेव्हा शिक्षकांच्या बोलण्यात होतं, त्यामुळे हा आकडा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. विसातली एक माझी मुलगी. पत्नीची नोकरी गावातल्या आरोग्य उपकेंद्रात होती, मी नांदुऱ्याला एका दैनिकाचा वार्ताहर. सभेला मी गेलो तो पालक म्हणून. वही-पेन सवयीने खिशात होतं.

मॅडम किडकिडीत होत्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, साडीला तीन पिना, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत नेलकटर, सुईदोरा, जादा पिना आणि ओव्याची एक रिकामी डबी असे. वर्गात कोणाचा दात पडला की तो कागदात गुंडाळून, वर नाव घालून त्या डबीत ठेवत आणि शाळा सुटताना घरी पाठवत. “लेकरू वेळेवर करते असं हे एकच काम आहे, त्याची पावती द्यायला पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी खडूने एक चौकट आखलेली होती. तिच्यावर लिहिलेलं: मॅडमच्या चुका. जूनमध्ये ती रिकामी असे. पुढे तिच्यात रेघा वाढत जात, आणि कोणी पुसल्या तर त्या पुन्हा काढत.

दुसरे शिक्षक खंडारे सर. त्यांच्याकडे तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग होते, पण त्यांचा बराचसा वेळ मोबाइलला जाई. शाळेत झाड लावलं की त्याचा फोटो, मुलांनी हात धुतले की त्याचा फोटो, खिचडी शिजली की तिचा फोटो, हे सगळं वर पाठवावं लागे. एकदा नेट नव्हतं म्हणून मुलांनी दोनदा हात धुतले. खंडारे सर वाईट शिक्षक नव्हते. त्यांना शिकवायला वेळ मिळाला असता तर ते चांगले निघाले असते.

सभेला सहा मुलांचे पालक होते. मॅडमनी शंभर पानी वही उघडली. तिच्यावर ‘अपेक्षा’ असं लिहिलं होतं. पद्धत अशी की प्रत्येकाने या वर्षातून काय पाहिजे ते सांगायचं, मॅडम ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहिणार आणि एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवणार.

एका आजोबांनी सांगितलं, “सही आली पायजे. अंगठा माह्यापाशीच संपला पायजे.” मॅडमनी लिहिलं. एका आईने सांगितलं, “आपल्या डब्यातलं जेवलं पायजे, दुसऱ्याच्या नाई.” तेही लिहिलं. एक तरुण बाप म्हणाला, “इंग्रजी फाडफाड आली पायजे.”

“फाडफाड म्हणजे किती?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे... आम्हाले समजणार नाई इतकी.”

मॅडमनी तेही जसंच्या तसं लिहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी “शुद्धलेखन” म्हणालो.

“तिचं का पेपरचं?”

“तिचं.”

“तिचं होईल,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या नावाकडे वळल्या.

पुढचं नाव प्रांजलीचं होतं. तिचे वडील गजानन, गावात गजाभाऊ, हे नदीकाठच्या दोन एकरांत भाजीपाला काढत आणि नांदुऱ्याच्या बाजारात स्वतः बसून विकत. बाहेर त्यांचा टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून ते उभ्यानेच बोलले.

“माही पोरगी बोलली पायजे. दुसरं काई नाई.”

चौकशीत निघालं ते असं. प्रांजली मागच्या वर्षी नांदुऱ्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये केजीला होती. इकडे इंग्रजी नावाची कोणतीही शाळा कॉन्व्हेंटच असते. तिथे तिने वर्षभरात एक शब्द उच्चारला नाही. शाळेने सांगितलं, मुलगी स्लो आहे, बोलायला लागली की आणा.

“घरी बोलते?”

“घरी? घरी तं तोंड बंद होत नाई तिचं. कोंबड्यायशी बोलते.” हॉर्न पुन्हा वाजला. “मी दिवाळीलोक पायतो मॅडम. नाई बोलली तं हातापाया पडून कॉन्व्हेंटातच टाकतो. मुकंच बसाचं हाय तं तिथी बसन. निदान टाय तं असते.”

विसातून एक गेला तर किती उरतात याचा हिशोब खोलीतल्या प्रत्येकाने मनात केला. खंडारे सरांनी मोबाइलवरून मान वर केली. मॅडमनी वहीत लिहिलं: प्रांजली. बोलली पाहिजे. दिवाळीपर्यंत. “पाहू” असं त्या म्हणाल्या नाहीत. गजाभाऊ निघून गेले.

ते गेल्यावर मॅडमनी शेवटचा विषय काढला. मुलं घरून ‘मले’ आणि ‘तुले’ घेऊन येतात. दिवाळीपर्यंत मूल ‘मले’ म्हणेल, ‘मले’ लिहील आणि मी त्याला बरोबरची खूण करीन. दिवाळीनंतर ‘मला’ शिकवीन. मधल्या काळात घरी कोणी शुद्ध करत बसायचं नाही.

“काऊन पण?” सहीवाल्या आजोबांनी विचारलं.

“चपला दाराबाहेर काढाच्या रायतात आजोबा. बोली नाई.”

हा नियम गजाभाऊंच्या कानावर गेला नाही. टेम्पो तोवर रस्त्याला लागला होता.

नियम चांगला होता. एक उणीव होती, ती त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नाही, मॅडमच्याही नाही. नियम मुलांसाठी होता. मॅडम स्वतः वर्गात पुस्तकी मराठी बोलत. ओसरीवर त्या “काऊन हो, आज डबा नाई आणला का?” असं विचारत, आणि उंबरठा ओलांडून आत गेल्या की “मुलांनो, वह्या काढा” म्हणत. ओसरी आणि वर्ग यांत अंतर दीड फुटाचं होतं. त्यांची भाषा तेवढ्यात शंभर कोस जाऊन येई. पाच मुलांना त्याने फरक पडला नाही. सहावी ते पाहत होती.

प्रांजली शाळेत नियमित येई. पाटीवर लिही, सांगितलेलं करी, हाक मारली की उभी राही. कविता चालू असताना ती ओठ हलवते पण आवाज येत नाही, असं माझ्या मुलीने घरी सांगितलं. ऑगस्टमध्ये तिचा पहिला दात पडला. तिने तो मॅडमसमोर आणून मूठ उघडली. “पडला का?” मॅडमनी विचारलं. तिने मान हलवली. मॅडमनी दात डबीत ठेवला. त्या काळात त्या दिवसातून एकदा तरी तिच्याजवळ बसत, काहीतरी विचारत, थोडं थांबत आणि उठत. तिला दम दिलेला किंवा आमिष दाखवलेलं कोणी पाहिलं नाही. खंडारे सरांनी चॉकलेट सुचवलं होतं. मॅडम म्हणाल्या, “चॉकलेटसाठी बोलेल ती चॉकलेटपुरतीच बोलेल.”

सप्टेंबरमध्ये एका बाजाराच्या दिवशी मॅडम मला नांदुऱ्यात भेटल्या. भाजीच्या ओळीत आम्ही बोलत चाललो होतो. पुढून एका लहान मुलीचा आवाज येत होता. आवाज खणखणीत होता.

“मेथी घ्या, ताजं सांबार घ्या! काकू, हे नका घेऊ, ते कालचं हाय. हे घ्या, हे आजचं.”

“बे चूप राह्य ना,” एक पुरुषी आवाज म्हणाला.

“काऊन? कालचंच तं हाय.”

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मॅडम थांबल्या. ताडपत्रीवर गजाभाऊ बसले होते. त्यांच्या शेजारी प्रांजली उभी राहून हातवारे करत जुड्या विकत होती. तिने मॅडमना पाहिलं, हातातली जुडी खाली ठेवली आणि क्रेटांच्या मागे जाऊन बसली. मग तिचा आवाज आला नाही.

“पायलं?” गजाभाऊ म्हणाले. “घरी अशी, अन् शाळेत तशी.”

“तुम्ही तिले शाळेबद्दल काई सांगतलं होतं का?”

“सांगतलं ना.” गजाभाऊंना प्रश्न आवडला. “केजीत टाकलं तवाच बजावलं. म्हनलं, शाळेत शुद्ध बोलजो. शुद्ध येत नसन तं चूप राहजो.”

मॅडम काही वेळ वांगी पाहत राहिल्या.

“पोरगी तुमचं ऐकते, भाऊ.”

“हाव. लय ऐकते.”

मग त्यांनी कारणही सांगितलं, न विचारता. लग्नाआधी ते दोन वर्षं चाकणला एका कंपनीत होते. कँटीनमध्ये त्यांनी “मले भाजी वाढा” म्हटलं की अख्खं टेबल हसे. पुढे पुढे तिथली पोरं त्यांना मुद्दाम बोलायला लावत. “मंग मी बोटानंच दाखवाचो. भाजी पायजे तं भाजीकडं बोट, पोयी पायजे तं पोयीकडं. दोन वर्सं बोटावर काढली मॅडम. माह्या पोरीवर कोनी हासू नाई.”

हे सांगताना ते हसत होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अर्धा किलो वांगी घेतली आणि निघाल्या. वाटेत मी म्हणालो, प्रश्न सुटला, उद्या मुलीला सांगून टाका की शाळेत ‘मले’ चालतं.

“बापाचा हुकूम आहे. तो मी मोडला तर उद्या ती माझाही मोडेल,” त्या म्हणाल्या. थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, “अन् चालतं म्हणून मी सांगणार कोणत्या तोंडाने? मी स्वतः वर्गात कशी बोलते?”

सोमवारी त्या वर्गात शिरल्या आणि म्हणाल्या, “चाला बे पोरंहो, वह्या काढा.” वर्ग हसला. मग बावरला. मग असा बोलायला लागला की गप्प करावा लागे, असं खंडारे सर सांगतात. प्रांजली बोलली नाही. ती मॅडमकडे पाहत मात्र राहिली, पाटी विसरून. फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशी एक रेघ वाढली. ती कशाची, हे मुलांना कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या आठवड्यावर आल्या तेव्हा गुणवत्ता तपासणीचं पथक आलं. पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. तो मी तिघांकडून ऐकला: मॅडम, खंडारे सर आणि माझी मुलगी. तिन्ही वृत्तांत मुख्य मुद्द्यांवर जुळतात.

पथकात पुण्याहून आलेले एक साहेब होते. सौम्य, हसतमुख. पहिलीच्या वर्गात दोरीवर चित्रकार्डं टांगलेली होती. ती वरूनच आली होती. चित्राखाली नाव छापलेलं, आणि ती दर्शनी भागात लावल्याचा फोटो खंडारे सरांनी पाठवलेला. साहेबांनी एक कार्ड काढलं, खालचं नाव अंगठ्याने झाकलं आणि विचारलं, “हे काय आहे?”

“सांबार,” पाच आवाज आले.

साहेब हसले. “सांबार कशासोबत खातात?”

“वांग्याच्या भाजीवर टाकतात,” माझी मुलगी म्हणाली.

“वरनात,” दुसरा कोणी म्हणाला.

“अरे, सांबार इडलीबरोबर असतं. ही कोथिंबीर आहे. म्हणा, कोथिंबीर.”

“कोथिंबीर.”

साहेब मॅडमकडे वळले. “मॅडम, सांबार तुम्ही शिकवलंत?”

“घरून आलं सर. दिवाळीपर्यंत सांबार चालेल. दिवाळीनंतर कोथिंबीर म्हणतील.”

“दिवाळीनंतर का?”

याचं उत्तर मॅडमनी दिलं नाही, कारण त्याआधीच कोणीतरी म्हणालं, “ते मेथी हाये.”

माझ्या मुलीने घरी सांगितलं, “बाबा, मले वाटलं भिंत बोलली.” वर्गाने मागे वळून पाहिलं. खिडकीखाली प्रांजली उभी होती. तिला कोणी उभं केलं नव्हतं.

“कोण बोललं?” साहेबांनी विचारलं.

“सांबाराचं पान कातरल्यावानी रायते,” प्रांजली म्हणाली. “हे गोल हाये. हे मेथी हाये. रोज बांधतो आमी.”

साहेबांनी चष्मा काढून कार्ड डोळ्यांजवळ धरलं. नाव कोथिंबिरीचं होतं, चित्र मेथीचं. पाच मुलं, दोन शिक्षक, छापणारे, तपासणारे आणि पाठवणारे अशा सगळ्यांनी नाव वाचलं किंवा ऐकलं होतं. चित्राकडे पाहिलं होतं ते सहा वर्षांच्या एका मुलीने, आणि तिने एक महिना दम काढला होता.

“छपाईची चूक असेल,” साहेब म्हणाले.

मॅडम फळ्याकडे गेल्या आणि कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांनी एक रेघ ओढली. “हे कार्ड महिनाभर मीच टांगून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. मग प्रांजलीकडे वळून म्हणाल्या, “बस बेटा.” आवाज नेहमीसारखाच होता, असं खंडारे सर सांगतात.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: विद्यार्थी चौकस आहेत. शिक्षकांनी प्रमाण भाषेच्या वापरावर भर द्यावा. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात तीन ओळी आल्या की पथकाने शाळेला भेट दिली व गुणवत्तेबाबत समाधान व्यक्त केलं. मेथीचा उल्लेख नव्हता. त्या तीन ओळी मीच लिहिल्या होत्या.

पथक आलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम गजाभाऊंच्या मळ्यात गेल्या. मीही त्याच वाटेने घरी जात होतो. गजाभाऊ जुड्या बांधत बसले होते.

“बोलली,” मॅडमनी सांगितलं.

“शाळेत?”

“शाळेत. पुण्याच्या साहेबापुढे.”

गजाभाऊंचे हात थांबले. त्यांनी बांधाकडे पाहिलं. तिथे प्रांजली कोंबड्यांना काहीतरी समजावून सांगत होती. मग त्यांनी घाबरत विचारलं, “शुद्ध बोलली का?”

“एकदम शुद्ध.”

“काय बोलली?”

“मेथीले मेथी म्हणाली.”

गजाभाऊंना त्यात विशेष काही दिसलं नाही. पण साहेब हसले का, असं त्यांनी दोनदा विचारलं. नाही, असं मॅडमनी दोनदा सांगितलं. मग त्यांनी मॅडमच्या पिशवीत भाजी कोंबली, आणि दिवाळी झाली तरी प्रांजलीचं नाव हजेरीपटातून कमी झालं नाही. वीसचा पट वीसच राहिला. खंडारे सर त्या आठवड्यात न सांगता शिकवताना दिसले.

दिवाळीनंतर मॅडमनी ठरल्याप्रमाणे ‘मला’ शिकवायला घेतलं. प्रांजलीने महिन्याभरात ते उचललं आणि वर्गातल्या इतरांना सुधारू लागली. मागच्या दीड वर्षाचं साठलेलं ती बोलत होती. मॅडमच्या रेघा जानेवारीत चौकटीबाहेर गेल्या.

एप्रिलमध्ये वही वाचायची सभा झाली. आजोबांच्या नातवाने फळ्यावर सही केली. ती दोन ओळींत मावली. डब्याच्या बाबतीत प्रगती नव्हती, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. इंग्रजीपुढे त्यांनी वाचलं, “आम्हाले समजणार नाई इतकी,” आणि मुलाला उभं केलं. तो जे काही बोलला ते खरोखरच कोणाला समजलं नाही. बाप खूश झाला. माझ्या नावापुढे वाचलं, “शुद्धलेखन. तिचं सुधारलं,” आणि क्षणभर माझ्याकडे पाहिलं. दात सगळ्यांचे मिळून अकरा पडले होते. बाराव्याबद्दल मॅडमनी मे महिन्याची मुदत मागितली.

“प्रांजली. बोलली,” मॅडमनी वाचलं.

गजाभाऊ उठून उभे राहिले. या वेळी टेम्पो नव्हता. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“मॅडम, तुमचे उपकार हायेत. पण एक सांगतो, रागावू नका. पोरगी एवढी हुशार निघाली, आता इथी कशाले ठेवू? पुढच्या वर्सी कॉन्व्हेंटात टाकतो. आता ते नाई म्हनूच शकत नाई. स्लो म्हनत होते ना? त्यायले दाखवाचं हाय.”

‘नाही बोलली तर नेईन’ याची तयारी शाळेने वर्षभर केली होती. बोलली म्हणून नेतील, हे कोणाच्या हिशोबात नव्हतं. खंडारे सर मोबाइल काढून त्यात पाहू लागले. तो बंद होता.

“न्या,” मॅडम म्हणाल्या. “एकच मागते, भाऊ. तिले सांगतलेलं तेवढं परत घ्या.”

“काय सांगतलं मी?”

“शुद्ध येत नसन तं चूप राहजो.”

गजाभाऊ गोंधळले. ते वाक्य ते विसरले होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. केजीचं वर्ष, पहिलीचे चार महिने, सगळं एका ओळीत लागत असावं. त्यांनी भाजीकडे करावं तसं बोट स्वतःकडे केलं.

“हाव,” मॅडम म्हणाल्या. “लय ऐकते ती तुमचं.”

गजाभाऊ “बरं” म्हणाले. त्या “बरं”चा अर्थ परत घेतो का विसरतो, हे त्या दिवशी कळायला मार्ग नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात मॅडमनी ‘पालकांची विनंती’ असं लिहिलं. अपेक्षांच्या वहीत ‘बोलली’च्या पुढे दोन शब्द वाढवले: म्हणून गेली.

जूनमध्ये पट एकोणीस झाला. खंडारे सरांना दुसऱ्या शाळेत पाठवण्यात आलं. ते गेले त्या दिवशी त्यांचा फोटो काढायला कोणी उरलं नाही. मॅडमनी चारही वर्ग एका खोलीत घेतले. निवृत्तीला एक वर्ष होतं, ते तसंच गेलं. पिवळी व्हॅन सकाळी शाळेसमोरून जाई. त्या वेळी मॅडम ओसरीवर उभ्या असत. व्हॅनच्या काचा बंद असत, त्यामुळे आत कोण बोलतं आणि कोण बोलत नाही हे त्यांना कळत नसे. प्रांजलीच्या वडिलांना त्यांनी ते विचारलं नाही. मला एकदा विचारलं, आणि मलाही ते माहीत नव्हतं.

निवृत्तीच्या समारंभात वक्त्यांनी त्यांना ज्ञानाचा दीप वगैरे म्हटलं. मॅडमनी उत्तरादाखल दोन वाक्यं बोलून दातांची डबी पुढच्या शिक्षकांच्या स्वाधीन केली. नंतर त्या नांदुऱ्याला मुलाकडे राहायला गेल्या.

त्या मला शेवटच्या दिसल्या त्या बाजारातच. प्रांजली तेव्हा तिसरीत होती. ताडपत्रीच्या कडेला क्रेट उपडं घालून ती त्यावर गृहपाठ करत होती. अंगावर कॉन्व्हेंटचा गणवेश, टाय शेपूच्या जुड्यांवर टाकलेला. ती खाली मान घालून लिहीत होती. गजाभाऊ गिऱ्हाईक करत होते. मुलगी काही बोलत नव्हती.

मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. प्रांजलीने वर पाहिलं, ओळखलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. पेन्सिल थांबली. मॅडमनी वाकून मेथीची एक जुडी उचलली.

“सांबार कसं दिलं?”

मला वाटलं, वयाचा परिणाम. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “फाडफाड म्हणजे किती?” असं विचारताना जसा होता तसाच चेहरा होता. जुडी हातात धरून त्या थांबल्या. गजाभाऊ मधे बोलायला गेले आणि गप्प बसले. मागच्या ओळीत कोणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं.

“मॅडम, ते सांबार नाई,” प्रांजली म्हणाली. “मेथी हाये.” आणि थोडं थांबून, “अजून येत नाई तुम्हाले?”

“ए, मॅडमले असं बोलते का बे?” गजाभाऊ म्हणाले.

“बोलू द्या,” मॅडम म्हणाल्या. “तारीख लिहून ठेवा.”

“किती लिहू मॅडम? रोजचंच झालं.”

मॅडमनी जुडी पिशवीत टाकली, मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि स्टँडच्या दिशेने निघाल्या. पिशवीच्या तोंडातून पानं बाहेर आली होती. पानं गोल होती.